नर्सिंगला घालताय? आधी वॉर्ड बघा, मग फी

बारावीचा निकाल लागला की एकच प्रश्न सुरू होतो: "मुलीला नर्सिंगला घालायचंय, स्वस्तात कुठं होईल?" प्रश्न बरोबर आहे. पण स्वस्त म्हणजे पावतीवरचा पहिला आकडा असं धरलं तर गणित हमखास चुकतं. नर्स वर्गात घडत नाही, रुग्णाच्या खाटेशेजारी घडते. म्हणून कॉलेज बघायला गेलात की ऑफिसच्या आधी त्याचं हॉस्पिटल बघा.

त्याआधी कोर्स ठरवू. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) २ वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राचा डिप्लोमा) ३ वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचा. बी.एस्सी.ला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के गुण हवेत आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जीएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते, इंग्रजी मात्र पाहिजे. बायोलॉजी नाही म्हणून नर्सिंगची वाट बंद झाली, असं समजून घरी बसू नका. जीएनएम झाल्यावर नोंदणी करून २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. फरक पुढे नोकरीत दिसतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट परीक्षा असते. तिथे बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला २ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून विज्ञान शाखा असेल आणि ४ वर्षं निघत असतील तर बी.एस्सी.च घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. बायोलॉजीवर सगळा जोर देऊन इंग्रजीकडे पाठ फिरवणाऱ्या मुली इथे मागे पडतात, कारण इंग्रजीचे २० गुण बायोलॉजीच्या २० इतकेच मोलाचे असतात.

आता सरकारी जागा. मुंबईत जेजे हॉस्पिटलच्या आवारातली नर्सिंग शिक्षण संस्था, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), छत्रपती संभाजीनगरात घाटी (तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज). ही नावं पसंतीक्रमात सगळ्यात वर हवीत. मुंबईतच एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज आहे, तेही सार्वजनिक विद्यापीठाचंच. जीएनएम करायचं असेल तर मुंबई महापालिकेच्या केईएम, नायर आणि सायन हॉस्पिटलांच्या नर्सिंग शाळा आणि जिल्ह्याच्या सिव्हिलला जोडलेल्या शाळा बघा. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१४ नंतर निघालेल्या मेडिकल कॉलेजांशेजारी १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. त्यामुळे कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत नवीन सरकारी नाव दिसलं तर ओळखीचं नाही म्हणून सोडू नका. फक्त तिथे वसतिगृह सुरू झालंय का आणि शिक्षक नेमलेत का, हे फोन करून विचारा.

पसंतीक्रमाबद्दल एक गैरसमज दरवर्षी भेटतो: "मार्क कमी आहेत, जेजे वर टाकलं तर खालचंही जाईल." तसं होत नाही. गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून खाली बघत जातो आणि जिथे जागा मिळते तिथे थांबतो. वर टाकलेलं न मिळालेलं नाव तुमचं काही बिघडवत नाही. बिघडवतं ते न हवं असलेलं नाव वर टाकणं, कारण तेच मिळतं. जागा मिळाल्यावर ती राखून पुढच्या फेरीत जायचं की सोडायची, याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका अर्ज भरायच्या आधी वाचायची असते. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

राज्याच्या सीईटीबाहेरचे दोन दरवाजे आपल्याकडे कमी लोक ठोठावतात. पहिला एम्सचा बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंग. फी नाममात्र, पण परीक्षा वेगळी आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणजे सीईटीतली 'सगळं भरा' ही सवय इथे घातक. नोंदणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा करून दुसरा विसरलेल्या मुली परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत. विदर्भातल्या मुलींना रायपूर आणि भोपाळचं एम्स रेल्वेनं सोयीचं पडतं. दुसरा दरवाजा सैन्यदलाच्या नर्सिंग सेवेचा. पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) ४० आणि मुंबईचं अश्विनी नौदल रुग्णालय ४०, देशभरात सहा ठिकाणी मिळून २२० जागा. पहिली चाळणी नीटच्या (मेडिकलच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या) गुणांवरून होते, मग पुढची चाचणी आणि मुलाखत; शिक्षण, राहणं आणि जेवण सरकारी खर्चानं, आणि नंतर सैन्याच्या नर्सिंग सेवेत रुजू व्हायचा करार. ज्या घरात पैसा नाही पण मुलगी अभ्यासात पक्की आहे आणि बदल्यांची तयारी आहे, त्या घराला याहून चांगली जागा मला माहीत नाही. यासाठी नीटचा अर्ज वेळेत भरलेला हवा. सीईटी दिली म्हणून इथे चालत नाही. मुलग्यांना सैन्याचा हा दरवाजा नाही, दिल्ली एम्सचा बी.एस्सी. ऑनर्सही फक्त मुलींसाठी आहे. म्हणून मुलग्यांनी कोणत्याही संस्थेचा अर्ज भरण्याआधी मुलगे घेतात का, हे नियमावलीत बघावं.

सरकारी जागा हुकली तर खासगी कॉलेज निवडावं लागतं, आणि तिथे पैशाचा खरा प्रश्न प्रवेशाच्या वाटेचा असतो. राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची १०० टक्के शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण ही माफी कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला मिळत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठातही नाही. एजंट म्हणतो, "कॅपची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा." आज पक्की केलीत की चार वर्षांची माफी गेली. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नावर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, इतरत्र कमी. अनुसूचित जमातीसाठी स्वयम् योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी नव्यानं करायचा असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं की त्या वर्षाची फी घरून भरावी लागते.

आता पावती हातात घ्या. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावानं सापडते. कॉलेज सांगतंय तो आकडा त्याहून जास्त असेल तर फरक कशाचा ते लेखी मागा. माफीत बसतं ते शिक्षण फी आणि परीक्षा फी. पावतीवर त्याखाली येतं ते वेगळं: वसतिगृह, मेस, अनामत, बस, गणवेशाचे दोन-तीन जोड, पांढरे बूट, सेकंदकाट्याचं घड्याळ, जर्नल, केस बुक, विद्यार्थी परिचारिका संघटनेची वर्गणी, विद्यापीठाची पात्रता फी. समजा वसतिगृह आणि मेस मिळून महिन्याला ६,००० लागले, तर दहा महिन्यांचे ६०,००० आणि चार वर्षांचे २ लाख ४० हजार. 'फी माफ' असलेलं लांबचं कॉलेज आणि घरून जाता येईल असं जवळचं कॉलेज यांची तुलना या आकड्यासकट करा.

बस हा शब्द पावतीवर दिसला की लगेच विचारायचं, "बस कुठे जाते?" इथे वॉर्डचा मुद्दा येतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, खाटा किमान ७५ टक्के भरलेल्या आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. आता हिशोब करू. ६० जागांचं कॉलेज, चार वर्षांचे मिळून २४०. त्यातले निम्मे एका दिवशी वॉर्डात असले तर १२०, म्हणजे ३६० रुग्ण हवेत. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल १०० खाटांचं असेल आणि ७५ भरल्या असतील तर उरलेले रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलातून आणायला लागतात. ते संलग्न हॉस्पिटल किती लांब आहे, तिथे आणखी किती कॉलेजांच्या मुली येतात, हे महत्त्वाचं. एका खाटेभोवती तीन कॉलेजांच्या आठ मुली उभ्या असल्या तर इंजेक्शन एक जण देते आणि बाकीच्या वहीत लिहितात.

म्हणून जाऊन बघा. सकाळी ओपीडीच्या वेळी नको, तेव्हा सगळीकडे गर्दी असते. दुपारी चारच्या सुमाराला जा, तेव्हा भरती असलेले रुग्ण दिसतात. मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात किती खाटा भरल्यात ते मोजा. लेबर रूमबाहेरच्या सिस्टरला विचारा, महिन्याला किती बाळंतपणं होतात. महिन्याला पंधरा होत असतील आणि एका बॅचला ६० मुली असतील, तर प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं बाळंतपणं केल्याची नोंद पूर्ण कशी होणार? ती नोंद मग केस बुकात कल्पनेनं भरली जाते. त्याची किंमत पहिल्या नोकरीत, रात्रपाळीला, रक्तस्राव होणाऱ्या बाईसमोर मोजावी लागते. जेजे, ससून, घाटी, मेडिकल यांचं मोल इथे आहे: इमारत जुनी असेल, मेस साधं असेल, पण रुग्ण कमी पडत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलीला गाठून एवढंच विचारा, "सलाइन तू स्वतः किती लावलीस?" कॉलेजच्या माहितीपत्रकात हे उत्तर नसतं.

मान्यतेचे कागद तीन ठिकाणी तपासायचे: महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत. नाव, गाव, कोर्स आणि त्या वर्षीची जागांची संख्या, चारही जुळायला हवं. संस्थेच्या जीएनएमला मान्यता आहे म्हणून तिच्या बी.एस्सी.लाही असेलच असं नाही. एजंटामार्फत परराज्यातल्या कॉलेजात जाणाऱ्यांनी तर आणखी जपावं. ज्या राज्यात शिकाल तिथल्या परिषदेत पहिली नोंदणी, मग महाराष्ट्रात बदली, असा फेरा पडतो आणि कागदात गाव चुकलं तरी महिने जातात. घरबसल्या किंवा दूरशिक्षणानं बी.एस्सी. नर्सिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. प्रात्यक्षिकाची १०० टक्के हजेरी असल्याशिवाय पदवीच मिळत नाही. ती फोनवर लागत नाही.

अपंगत्व असलेल्या मुलांनी हेही लक्षात ठेवावं की ५ टक्के आरक्षण फक्त पायाच्या ४० ते ५० टक्के अपंगत्वाला आहे. प्रमाणपत्रावर टक्केवारी आणि अवयव स्पष्ट लिहून घ्यायला हवा. मराठी माध्यमाच्या मुलींना पहिली सहामाही इंग्रजीमुळे जड जाते. शरीररचनाशास्त्राची पुस्तकं सुट्टीतच आणून रोज दोन पानं शब्द शोधत वाचायला सुरुवात केली तर ते ओझं बरंच उतरतं.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ जात वैधता प्रमाणपत्राला लागतो. अकरावीतच अर्ज टाका. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते का ते बघा. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि वर्ष वाया गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आत्ताच बघा. मूळ कागद कॉलेजात जमा करताना कागदवार पावती घ्या आणि साक्षांकित प्रतींचे किमान पाच संच घरी ठेवा. पुढच्या फेरीत चांगली जागा मिळाली तर मूळ कागद परत घ्यावेच लागतात, आणि पावती नसली की तिथेच अडवणूक होते.

सीईटी झाली की हेपॅटायटिस बीचा पहिला डोस घेऊन टाका. दुसरा एक महिन्यानं आणि तिसरा सहा महिन्यांनी असतो. वॉर्डात पहिली सुई हातात येण्याआधी निदान दोन डोस तरी झालेले असतील.