छातीतलं पाणी

परळच्या एका हॉस्पिटलच्या मॉलिक्युलर लॅबमध्ये मी काम करते. वॉर्डमधून फोन आला, "मॅडम, पेशंटच्या छातीतून पाणी काढलंय. पाठवू की टाकून देऊ?" बायोप्सीत आमच्या तपासणीपुरता तुकडा मिळालाच नव्हता. मी म्हटलं, "टाकू नका. अख्खी बाटली पाठवा."

पेशंट लालबागच्या, पन्नाशीतल्या, कधी तंबाखूला हात न लावलेल्या. एक्स-रेत डाग दिसला म्हणून त्यांना आधी टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या, बेडक्यात जंतू सापडले नसतानाही. मुंबईत खोकला म्हटला की पहिला संशय टीबीचाच, हे मला कळतं. पण गोळ्यांनी काडीचाही फरक पडत नसताना कोणी पुन्हा तपासू नये, याचा आजही राग येतो.

पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. तळाशी बसलेला लालसर गाळ फॉर्मॅलिनमधून मेणात बसवला. स्लाइडवर अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरच्या, पेशींचे पुंजके दिसले. डीएनए पुरेसा निघाला, जनुकातला बदल शोधायला पीसीआर तपासणी लावली.

आम्ही शोधत होतो ईजीएफआरमधला बिघाड. हा पेशीच्या आवरणावरचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे संदेश झेलणारं प्रथिन. बाहेरून वाढीचा संदेश आला की दोन रिसेप्टर जोडीने एकत्र येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि रास, राफ, मेक, अर्क अशा प्रथिनांच्या साखळीतून निरोप केंद्रकापर्यंत जातो. ईजीएफआरच्या जनुकात ठरावीक बदल झाला, की बटणावरून बोट काढलं तरी बेल वाजतच राहते. असा बदल असलेल्यांनाच जेफिटिनिब या गोळीचा भरघोस गुण येतो, हे २००४ मध्ये उलगडलं. रिसेप्टरच्या ज्या खाचेत एटीपी हा फॉस्फेट पुरवणारा रेणू बसतो, तीच खाच ही गोळी अडवते.

एक्झॉन १९ या जनुकाच्या भागातल्या बदलाची रेषा स्क्रीनवर चढू लागली. बदल नसलेला नमुना, म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल, सपाट. दुसऱ्यांदा लावलं, तरी तेच. डिलीशन होतं, जनुकाचा छोटा तुकडा गळालेला.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. "आईला किमो झेपेल का हो, मॅडम?"

"ते डॉक्टर सांगतील. पण हा कागद आजच दाखवा, उद्यावर टाकू नका."

किमोऐवजी जेफिटिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. काही आठवड्यांत ऑक्सिजन सुटला, आणि मावशी चाळीचे जिने चढायला लागल्याचं मुलाने आवर्जून येऊन सांगितलं.

कॅन्सर गेला नव्हता. या गोळीला तो बहुधा वर्षभरात वाट काढतोच. त्यांचा खोकला परतला तेव्हा रक्ताचा नमुना माझ्याच टेबलावर आला. टी७९०एम हा ईजीएफआरमधला, गोळीला दाद न देणारा नवा बदल सापडला; गोळी चालेनाशी झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत सापडतो तो. त्यावर चालणारी ओसिमर्टिनिब ही गोळी आता सुरू झाली आहे.