पूर्व भागातली गच्ची आणि ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ

सोलापूरच्या पूर्व भागात, तळमजल्यावर यंत्रमाग असलेल्या एका तीनमजली घराच्या गच्चीवरून टीव्ही प्रसारणाचा ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा मोजायचा होता. काम दिले होते ग्रामीण भागात वायरलेस इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या व्यावसायिकाने. मंद्रूपच्या बाजूला एका शाळेपर्यंत गेलेल्या त्याच्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लिंकच्या आड कडुलिंब आणि बाभळी येतात. पाऊस पडून झाडांना पालवी फुटली की लिंक कोलमडते. त्याचा प्रश्न सरळ होता: दूरदर्शनचे जुने ट्रान्समीटर बंद झालेत, तर तो बँड ओसच पडलाय ना? उद्या सरकारने खुला केला तर आपल्या हाताला किती चॅनेल लागतील?

कागदावर उत्तर सोपे आहे. ४७० ते ५९० मध्ये ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल बसतात. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी अ‍ॅनालॉग प्रसारण चालू असतानाच हिशेब मांडला होता की देशात सरासरी यातले किमान १२ चॅनेल मोकळे असतात. पुढे २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की सामरिक ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकीचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. आपल्याकडे हवेतून टीव्ही दाखवणारा एकच, दूरदर्शन. म्हणजे सोलापुरात मोजणीचा पडदा (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल, याची रेघ) सपाट दिसायला हवा.

पडदा सपाट नव्हता.

आधी सामान सांगतो, कारण या मोजणीत निम्म्या चुका तिथेच होतात. अँटेना साधा हाफ-वेव्ह डायपोल, ५३० मेगाहर्ट्झसाठी टोकापासून टोकापर्यंत २७ सेंटीमीटर, म्हणजे एकेक दांडी साडेतेरा. दिशा शोधायला वेगळा, एकाच बाजूचे ऐकणारा यागी अँटेना. आरजी-६ केबल दहाच मीटर. या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरला जवळपास दोन डेसिबल जातात, त्यामुळे लांब केबल घेऊन वर अ‍ॅम्प्लिफायर लावायचा मोह टाळावा. रिसीव्हर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ. हा आठ बिटांचा आहे, स्वस्त आहे आणि जोरदार सिग्नल आला की बिचारा लगेच बुजतो. ऑटो गेन बंद करून गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) एका जागी बांधायचा. पट्टा एकदम दिसत नाही, दोन-दोन मेगाहर्ट्झच्या घासांनी घ्यावा लागतो, आणि प्रत्येक घासाच्या दोन्ही कडा टाकून द्यायच्या, कारण कडेला फिल्टर उतरतो आणि तिथे खोटा खड्डा दिसतो. बिन, म्हणजे रेघेचा एकेक कप्पा, २५ किलोहर्ट्झ, सरासरी दहा सेकंदांची. सुरुवातीला अँटेना काढून इनपुटला टर्मिनेटर (उघडे तोंड बंद करणारी टोपी) लावायचा आणि एक रेघ काढून ठेवायची. ती रिसीव्हरची स्वतःची नॉइज. ती जवळ नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे.

गच्चीवर पहिल्याच स्वीपमध्ये, म्हणजे पट्ट्यावरच्या फेरीत, दोन गोष्टी दिसल्या: इकडेतिकडे काही टोकदार उंचवटे, आणि ४७८ पासून वर एकाला एक खेटून सपाट ठोकळे, नॉइजच्या साधारण १५ डेसिबल वर. ठोकळे बरोबर ८ मेगाहर्ट्झच्या घरांत बसलेले. कोणीही म्हणेल, डिजिटल टीव्ही चालू आहे.

मग मधे सिग्नल उतरवणारा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घातला. या चाचणीला दोन मिनिटे लागतात आणि तरी लोक ती करत नाहीत. खरा सिग्नल १० डेसिबलने उतरतो. रिसीव्हर बुजून स्वतःच तयार केलेले तिसऱ्या क्रमाचे इंटरमॉड्युलेशन (सिग्नलांच्या भेसळीतून आलेले खोटे सिग्नल) ३० ने उतरते. टोकदार उंचवटे साफ गायब झाले. ती शेजारच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरची, ९०० मेगाहर्ट्झच्या बाजूची करामत. ठोकळे मात्र १५ वरून ५ वर आले आणि तिथेच राहिले. म्हणजे ते खरोखर हवेत होते.

पुढे रुंदी. अ‍ॅनालॉग पाल चॅनेल असता तर खालच्या कडेपासून १.२५ मेगाहर्ट्झवर चित्राचा कॅरियर आणि त्याच्या ५.५ वर आवाजाचा, असे दोन खांब दिसले असते. ते नव्हते. हवेतला डिजिटल टीव्ही, म्हणजे डीव्हीबी-टी, ८ मेगाहर्ट्झच्या घरात ७.६१ रुंद असतो आणि त्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या असतात. हे ठोकळे ७.९ भरत होते आणि कडा उतरत्या होत्या. केबलवरचा सिम्बॉलचा वेग ६.८७५ मेगासिम्बॉल, त्याला उतरत्या कडांसाठी १.१५ ने गुणले की ७.९ येतात: हा केबल टीव्हीचा डीव्हीबी-सी. शिवाय हवेतल्या प्रसारणात इतके चॅनेल सारख्या उंचीने ओळीत कधीच उभे राहत नाहीत. केबलवाले ४७० च्या वर हाच ८ मेगाहर्ट्झचा आराखडा वापरतात, म्हणून तो हुबेहूब टीव्ही चॅनेलसारखा दिसतो.

तेवढ्यात वीज गेली. खाली माग थांबले आणि त्याच क्षणी पडद्यावरचे सगळे ठोकळे एकदम खाली बसले. लॅपटॉप बॅटरीवर, डोंगल लॅपटॉपवर, त्यामुळे मोजणी चालूच. वीज आली आणि ठोकळे परत उभे राहिले. इथल्या विजेच्या फीडरवर ज्याचा प्राण आहे, तो याच गल्लीतला. केबलचा लाइन अ‍ॅम्प्लिफायर.

यागी फिरवल्यावर दक्षिणेच्या कठड्याकडे पातळी चढत गेली. डायपोल हातात धरून कठड्याजवळ गेल्यावर गेन कमी करावा लागला. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला चार तोंडांचा टॅप (केबल घराघरांत वाटणारी डबी) लोंबत होता. दोन तोंडांना वायरी, दोन उघडी. आत येणाऱ्या वायरीला कनेक्टरच नाही: वायरीवरची धातूची जाळी हाताने पिळून टॅपच्या आट्यांवर गुंडाळलेली, वर काळी टेप, टेपखाली जाळीचा हिरवट चुरा झालेला. खाली माग चालू झाले की भिंत थरथरते, आणि त्या थरथरीबरोबर ठोकळ्यांची उंची पडद्यावर तीन-चार डेसिबल वरखाली नाचत होती. मागांच्या वस्तीत कनेक्टर का सैल होतात हे इथे डोळ्यांनी दिसते.

केबलचा मुलगा आला. घरमालकांना म्हणाला, ‘‘अण्णा, चित्र येतंय की! टेप मारला की चालतंय. कनेक्टर कशाला लागतंय?’’

चित्र येत होते हे खरेच. डिजिटल असल्याने बरीच गळती होऊनही घरात कोणाला पत्ता लागत नाही. अ‍ॅनालॉगच्या काळात निदान मुंग्या तरी दिसायच्या. त्याच्याकडून वायर कापून घेतली. आतला तांब्याचा दांडा ६ मिलिमीटर उघडा, त्यामागे पांढरे फोम ६ मिलिमीटर, जाळी उलटी करून बाहेरच्या आवरणावर, फोम कनेक्टरच्या तळाशी सपाट टेकेपर्यंत दाबून मग क्रिम्प, म्हणजे पक्कडीने आवळणे. जाळीचा एक केसही दांड्याला लागता कामा नये. दोन उघड्या तोंडांना ७५ ओहमचे टर्मिनेटर. पुढच्या स्वीपमध्ये ठोकळे नॉइजमध्ये गेले. पलीकडच्या इमारतीकडून दोन चॅनेलांवर हलकी सावली तेवढी उरली.

आता मुद्द्याचे. हा बँड विनापरवाना उपकरणांना खुला करायचा झाला, तर ‘उपकरणाने स्वतःच ऐकावे आणि मोकळा चॅनेल घ्यावा’ हा मार्ग कानाला गोड लागतो. अमेरिकेत एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) २००८ मध्ये तीच अट घातली होती: टीव्हीचा सिग्नल उणे ११४ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप) ओळखला पाहिजे. ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये निसर्गाची थर्मल नॉइजच उणे १०६ असते. म्हणजे नॉइजच्या आठ डेसिबल खालचे ऐका! २०१० मध्ये त्यांनी ही सक्ती काढली आणि भर डेटाबेसवर दिला: उपकरण आपले ठिकाण सांगते, डेटाबेस चॅनेलांची यादी देतो. ब्रिटनने २०१५ मध्ये हीच वाट घेतली. पूर्व भागातल्या त्या गच्चीवर ऐकणाऱ्या उपकरणाने जवळपास सगळा पट्टा भरलेला ठरवला असता आणि गप्प बसले असते. उलट तळमजल्यावर, जाड भिंतीमागे ठेवलेल्या उपकरणाला खरा ट्रान्समीटरही ऐकू आला नसता. आपल्याकडे तर प्रसारक एकच. डेटाबेस म्हणजे एक वही. स्वतः ऐकण्याची, म्हणजे सेन्सिंगची, महागडी कसरत इथे करायचे कारण मला दिसत नाही.

वहीत न मावणारा एक रहिवासी आहे: वायरलेस माईक. मंगल कार्यालये, गणपतीचे मंडप, गड्ड्याच्या यात्रेतले स्टेज, सगळीकडे याच पट्ट्यातले माईक वाजतात. पडद्यावर ते जेमतेम २०० किलोहर्ट्झ रुंद, बोलणारा वळला की वरखाली होणारे. यांच्यासाठी एक-दोन चॅनेल राखून ठेवावेच लागतील. नाहीतर ऐन मंगलाष्टकात भटजींच्या माईकमधून खरखर सुरू व्हायची.

हौशी रेडिओवाल्यांना आधी द्यावे, असे माझे मत. भारतात त्यांना ४३४ ते ४३८ मिळते, म्हणजे अवघे ४ मेगाहर्ट्झ. त्यात पूर्ण रुंदीचे टीव्ही चित्र बसतच नाही. बँडविड्थ आवळून काम भागवावे लागते. एखादा मोकळा ८ मेगाहर्ट्झचा चॅनेल, मर्यादित शक्तीने, दुय्यम दर्जावर (मुख्य वापरकर्त्याला त्रास न देण्याच्या अटीवर) दिला तर प्रयोगही होतील आणि त्रास झालाच तर कॉलसाइनवरून (परवान्याबरोबर मिळणाऱ्या ओळखखुणेवरून) माणूस सापडेल. विनापरवाना खोक्याला कॉलसाइन नसते. आज मात्र दोघांनाही इथे प्रसारण करता येत नाही; त्या दिवशीचे सगळे काम नुसते ऐकण्याचे होते.

गावाकडे, शाळेच्या छपरावर पट्टा खरोखर सपाट निघाला. तरी गिऱ्हाईकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. आठ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची (लहरींना मोकळी लागणाऱ्या जागेची) त्रिज्या ५.८ गिगाहर्ट्झला १० मीटर असते, ५३० मेगाहर्ट्झला जवळपास ३४. झाडांतून यूएचएफ, म्हणजे हा टीव्हीचा पट्टा, जास्त पार होते हे खरे, पण ‘आडवे काहीही येऊ दे’ असे नाही. आणि वेग: टीव्हीच्या पट्ट्यातल्या वाय-फायच्या ८०२.११एएफ मानकात ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलवर, एका स्ट्रीमला कमाल ३५.६ एमबीपीएस, तेही कागदावर. पन्नास मुलांच्या वर्गाला ते पुरेल, अख्ख्या गावाला नाही.

तोवर शाळेसाठी सध्याच्याच लिंकचा मास्ट (अँटेनाचा खांब) उंच करायचे ठरले. त्रिज्येच्या साठ टक्के, म्हणजे मधल्या कडुलिंबांच्या शेंड्यावर सहा मीटर मोकळी हवा राहील एवढा. झाडे अजून वाढतील म्हणून वर आणखी दीड मीटर धरला आहे.