लाल एमजीबी आणि दाराची फट

ऑक्सफर्डशायरमध्ये जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये मी पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करतो, काम शिकलो ते कोल्हापूरला उद्यमनगरात. शनिवारी कुणी बोलावलं तर विकायला निघालेली गाडी बघून पण देतो. रिस्टोअर केलेली म्हणून विकायला आलेली गाडी आणि खरंच रिस्टोअर झालेली गाडी यात फार फरक असतो आणि तो घेणाऱ्याला वरून दिसत नाही. त्यातलीच ही एक केस, अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या मराठी मंडळातल्या एका डॉक्टरांनी एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची पक्कं छप्पर नसलेली छोटी स्पोर्ट्स गाडी, हेरून ठेवली होती. १९६४ च्या सुरुवातीची, टार्टन रेड, तारांची चाकं, जुन्या पद्धतीची ओढायची डोअर हँडल्स, आत काळं लेदर, आणि जाहिरातीत 'संपूर्ण रिस्टोरेशन, मूळ इंजिन'. "तुम्ही नुसतं एकदा बघून हो म्हणा हो, मी लगेच डिपॉझिट भरतो", असं ते फोनवर म्हणाले.

विकणारे रिटायर्ड मास्तर, वय झालेलं, गुडघे दुखतात म्हणून एवढ्या खाली असलेल्या गाडीत बसता-उठता येत नाही, म्हणून विकताहेत. गाडी बाहेर काढून पुसून ठेवलेली. खरं सांगतो, रंगकाम अव्वल होतं, क्रोम सगळं नवीन, पहिल्या झटक्यात सुरू झाली, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे दोन्ही एसयू कार्बोरेटर इतके छान जुळवलेले की आयडलिंग जराही हलत नव्हतं. गाडी बघून मन भरावं अशीच होती.

मग मी दाराकडे गेलो. दाराच्या मागच्या कडेची फट खाली व्यवस्थित आणि वर जाताना बारीक होत गेलेली, अगदी वर तर एक नाणं जेमतेम जाईल. ज्याने एमजीबीचा पत्रा कापलाय तो इथेच थांबतो. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी होती, पण १९६२ ला एमजीबी आली ती मोनोकॉक, म्हणजे बॉडीच सगळा भार घेणार, आणि वर छप्पर नाही, मग पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवतं कोण, तर मुख्यतः दाराखालचे दोन सिल. बाहेरून एक पट्टी दिसते फक्त, पण आत बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा, आतला सिल आणि खाली कॅसल सेक्शन नावाचा दुमडलेला पत्रा असं सगळं मिळून पेटी तयार होते. ही पेटी सडली की गाडी मध्ये खचते आणि दाराची फट वरून मिटत जाते.

लाकडाचा ठोकळा ठेवून दाराच्या मध्याखाली जॅक लावला आणि हळूहळू उचलली. मधून उचललं की दोन्ही टोकं आपल्या वजनाने खाली ओढली जातात, सिल धड असेल तर फट आहे तेवढीच राहते. इथे ती उघडत उघडत बोट जाईल एवढी झाली. मास्तर शेजारीच होते, म्हणाले, "दार जरा सेट करावं लागेल बहुतेक."

रंगाची जाडी मोजायच्या मीटरने दारावर दीडशे मायक्रॉनच्या आसपास आकडा दाखवला आणि सिलवर हजाराच्या वर, म्हणजे खाली पुट्टी. मग पाणी निघायच्या फटीतून नळीचा कॅमेरा आत सारला. मधला पत्रा डोशासारखा जाळीदार झालेला, खालची कड तर शिल्लकच नव्हती, आणि त्या सडक्या पत्र्यावरून बाहेर नवी पट्टी चढवलेली, मडगार्डच्या कडेला येऊन थांबलेली. खरा सिल पुढच्या-मागच्या मडगार्डच्या आत जातो, तो बदलायचा तर पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवायचं, मागच्याची खालची बाजू कापायची, दारं जागेवर ठेवून बॉडीला आधार द्यायचा, मगच जुना पत्रा काढायचा. यात फार वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून कुणीतरी फक्त दिसणारं तेवढं केलं आणि बिल मात्र पूर्ण रिस्टोरेशनचं लावलं. मला संताप आला, खोटं सांगत नाही.

फाईल मागितली. रंग, लेदर, क्रोम, चाकं यांची बिलं होती, कामाआधीचे फोटो होते, नंतरचे होते, मधला एकही नव्हता. मी प्रत्येकाला हेच सांगतो, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो नसतील तर रिस्टोरेशन झालं असं धरूच नका. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून दिलेला दाखला, पण फाईलमध्ये होतं, त्यावर इंजिन नंबर १८जीए ने सुरू होणारा आणि गाडीतल्या इंजिनावर १८जीबी, म्हणजे १९६४ च्या शेवटी आलेलं, क्रँकशाफ्टला पाच बेअरिंग असलेलं. इंजिन म्हणून ते तीन बेअरिंगवाल्यापेक्षा दणकट, पण मूळ नव्हे.

आणि हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, तर मे २०१८ पासून इथे ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. स्वतःहून करून घेता येते, पण रिस्टोरेशननंतर या गाडीची कुणी केलीच नव्हती, त्यामुळे गाडीखाली कुणी वाकून बघितलंच नाही.

मास्तरांना स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग स्वतः गुडघे टेकून खाली वाकले आणि सिलवर हात फिरवला. साठवलेल्या पैशातला मोठा वाटा त्यांनी या कामात घातला होता. मला विचारलं, "तुझ्या मुलीला बसवशील यात?" मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार, बाजूने धडक बसली तर त्या दाराखाली अडवायला काही नव्हतंच. "बरं झालं तू आलास", एवढंच म्हणाले आणि आत जाऊन जाहिरात काढून टाकली.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं, त्यांचा आवाजच बसला. म्हणाले, "मग सोडून देऊ का?" मी म्हणालो, आज आहे त्या किमतीला अजिबात घेऊ नका, पण गाडीचा तळ आणि पुढचा भाग चांगला आहे, सिलच्या कामाचे पैसे वजा करून मिळत असेल तर विचार करा. विटनीच्या ब्रिटिश मोटर हेरिटेजकडे १९८८ पासून अख्खी नवी बॉडी मिळते, पण या गाडीला त्याची गरज वाटली नाही.

मास्तरांनी कॅमेऱ्यातले फोटो आणि इंजिनाची खरी माहिती टाकून बऱ्याच कमी किमतीत नवीन जाहिरात दिली, आणि डॉक्टरांनीच ती घेतली. आता गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आहे, दाराच्या चौकटीत लोखंडी आधार जोडलेत, डावीकडचा नवा आतला सिल आणि मधला पत्रा बसलाय, उजवीकडचं कापणं सुरू आहे. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढतोय, एक संच डॉक्टरांना जातो आणि एक मास्तरांना, त्यांनी तो मुद्दाम मागून घेतलाय.