एलईडीचं जॅकेट आणि फिल्मचा कॅमेरा

लाइटच्या कपड्यांचा फोटो बिघडतो तो बहुधा कपड्यातच, कॅमेऱ्यात नाही. एलईडीची पट्टी शिवलेलं जॅकेट पूर्ण ब्राइटनेसवर सोडलं की फोटोत प्रत्येक दिवा पांढरा फटक येतो, रंग फक्त त्याच्या कडेला उरतो. म्हणून रोल भरण्याआधी कंट्रोलरवर ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणा आणि पट्टीवर ऑर्गंझाचे दोन थर टाका. थर पट्टीला चिकटू देऊ नका. मध्ये एखादा सेंटीमीटर जागा असेल तरच उजेड पसरतो.

ब्राइटनेस कमी केला की दुसरी भानगड. हे दिवे खरं तर मंद होत नाहीत, भराभर उघडझाप करतात. सगळीकडे मिळणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी दिव्यांत ही उघडझाप सेकंदाला साधारण ४०० वेळा होते, नव्या आवृत्तीत २,००० वेळा. ४००वाल्या पट्टीवर १/५०० सेकंदाचं शटर लावलं तर एक फेरीही पुरी होत नाही. शटरच्या पडद्यांमधली फट ज्या दिव्यावरून सरकताना तो बंद असेल, तो फोटोत विझलेला येतो. १/६० ला सहा-सात फेऱ्या बसतात, सगळे दिवे येतात. हात जोरात हलला तर मात्र रेघेऐवजी ठिपके उमटतात. नाचाच्या फोटोत ते शोभतातही. नको असतील तर ब्राइटनेस पूर्ण ठेवा, कापडाचे थर वाढवा आणि निव्वळ लाल, हिरवा किंवा निळा रंग लावा. मिश्र रंगात उघडझाप राहतेच. तपासायला अंधारात बाही झटकून बघा, ठिपके नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

उजेड मोजणारं मीटर इथे हमखास फसतं. आजूबाजूचा काळोख मोजून ते भरमसाठ एक्स्पोजर सांगतं. जवळ जाऊन उजळलेल्या कापडाने फ्रेम भरा, रीडिंग घ्या आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट एक्स्पोजर द्या. निळ्या आणि लाल रंगावर रीडिंगचा फार भरवसा धरू नका. एक स्टॉप कमी आणि एक जास्त अशा आणखी दोन फ्रेम खर्च करा.

आता माणूस. दिव्यांचं एक्स्पोजर शटर आणि ॲपर्चर दोन्हींवर ठरतं, फ्लॅशचं फक्त ॲपर्चरवर. सगळी खुबी यातच आहे. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. १०० च्या फिल्मवर २८ असलेला हा आकडा ४०० च्या फिल्मवर ५६ होतो, १/१६ पॉवरला १४. तीन मीटरवरून भागाकार येतो एफ/४.७. लेन्स एफ/५.६ वर ठेवा, माणूस अर्धा स्टॉप अंधारा येतो आणि दिवे वरचढ राहतात. फ्लॅश बाजूने, चेहऱ्यावर मारा. समोरून मारलात तर ऑर्गंझा पांढरा पडतो.

हालचालीची रेघ माणसाच्या मागे हवी असेल तर फ्लॅश शेवटी उडायला हवा, आणि जुन्या मॅन्युअल कॅमेऱ्यांत ती सोय सहसा नसते. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर ‘बी’वर (बटण दाबून धराल तोवर उघडं), बटण लांबून दाबायची केबल रिलीज लावलेली, फ्लॅश काढून हातात. खोलीत पूर्ण अंधार. शटर उघडा, जॅकेटवाल्याला चालू द्या, सेकंदभराने फ्लॅशचं टेस्ट बटण दाबा आणि शटर बंद करा. त्याने थांबून राहायचं नाही, थांबला की तिथे रंग करपतो.

ईएल वायर, म्हणजे अख्खी उजळणारी लवचीक तार, एलईडीपेक्षा पुष्कळच मंद असते, तिला सेकंदांच्या भाषेत एक्स्पोजर लागतं. तिथे रेसिप्रॉसिटी धरावी लागते, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते त्याची भरपाई: इल्फर्ड एचपी५ फिल्मवर मीटरने ४ सेकंद सांगितले तर ६ द्या, १० सांगितले तर २०.

सिनेस्टिल ८००टी या फिल्मवर प्रत्येक दिव्याभोवती तांबडं वलय येतं, कारण मूळ सिनेफिल्मच्या पाठीवरचा, उजेड परत उसळू न देणारा काळा रेमजेट थर त्यात नसतो. दोन-चार दिवे असतील तर ते बरं दिसतं. दोनशे दिव्यांच्या जॅकेटवर नुसता चिखल होतो. तिथे पोर्ट्रा ४०० च घ्या.

रोलची पहिली फ्रेम साध्या उजेडात काढा. बाकी सगळ्या काळ्या असल्या की लॅबवाल्याला निगेटिव्ह कुठे कापायची ते दिसत नाही. स्कॅनचं ऑटो करेक्शनही बंद ठेवायला सांगा, नाहीतर काळोख राखाडी होऊन येतो.