आई स्वतः डॉक्टर

चार्ज देताना दिवसपाळीची सिस्टर त्या खोलीपाशी फारशी थांबलीच नाही. "पहिलटकरीण, सिझेरियन, तिसरा दिवस. आई स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे, काही सांगावं लागत नाही," एवढं बोलून ती पुढे गेली. केसपेपरवर स्तनपानाच्या रकान्यातही तोच शेरा होता: आई स्वतः डॉक्टर.

बाळंतिणींच्या वॉर्डात रात्री दोन-अडीचनंतर जे कळतं ते दिवसा कळत नाही. दिवसा भेटायला माणसं येतात, बाई सगळ्यांशी हसून बोलते. त्या खोलीतून बेल वाजली नव्हती. बाळाचं रडणं थांबेना, म्हणून मी आत गेले.

मॅडम पलंगावर पाठीत वाकून बसल्या होत्या. मांडीवर बाळ, शेजारी उघडी वही. वहीत पाजल्याच्या वेळा, ओल्या लंगोटांची संख्या, वजन. जन्मवजनातून ८ टक्के उतरलं होतं आणि त्या आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

"पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्के वजन उतरू शकतं, हे मी रोज आयांना सांगते, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आज मला स्वतःला ते पटत नाहीये." आणि त्यांना रडू फुटलं.

मी आधी टाके दुखतात का ते विचारलं. दुखत होते. गोळीची वेळ केव्हाच टळली होती. त्यांनी मागितली नव्हती आणि डॉक्टरला काय आठवण करून द्यायची, म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. गोळी दिली, पाठीला उशा लावल्या, मग बाळ कसं ओढतं ते पाहिलं. त्याच्या तोंडात नुसतं स्तनाग्र होतं, भोवतीचा काळा भाग सगळा बाहेर. दोन्हीकडे चिरा पडलेल्या. मांडीवर घेतलं की बाळाचा भार टाक्यांवर येतो, मग आई नकळत अंग चोरते आणि बाळ दूर राहतं. मी बाळाला त्यांच्या काखेखालून घेतलं, पाय पाठीकडे, हनुवटी स्तनाला टेकलेली. तोंड पूर्ण उघडेपर्यंत थांबायला सांगितलं. दोनदा सुटलं, मग नीट धरलं. थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज येऊ लागला.

"हे मी चित्रं दाखवून शिकवते," त्या म्हणाल्या. "मला कुणी दाखवलंच नाही."

मला त्या शेऱ्याचा राग येतो, तो यामुळे. डॉक्टर झाली म्हणून टाके कमी दुखत नाहीत. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पान्हा भरून येतो, सिझेरियननंतर कधी जरा उशिरा. तोवर थोडासा चीक बाळाला पुरतो. हे सगळं त्यांना पाठ होतं. पण पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ येते, रात्री घामानं गाऊन भिजतो, हे त्यांनी पहिल्यांदाच अनुभवलं होतं, आणि आपलं काहीतरी बिघडलंय असं त्यांना वाटत होतं. पाजताना स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे गर्भाशय आकसतं, त्याची ती कळ. घामावाटे गरोदरपणात साठलेलं पाणी बाहेर पडतं.

बाळ झोपलं. मी उठणार, तेवढ्यात त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला याच्याबद्दल काही वाटतच नाहीये. काळजी वाटते, पण ती माझ्या वॉर्डातल्या कुठल्याही बाळाची वाटते तशीच."

त्यांनी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मी त्यांना खरं तेच सांगितलं. कित्येक आयांना पहिल्या दिवशी माया दाटून येत नाही; ती सहवासानं येते, काहींना त्यासाठी आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं रडूही बहुतेकींना येतं आणि सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. मग कोचावर झोपलेल्या त्यांच्या नवऱ्याला उठवलं आणि त्यांच्यासमोरच सांगितलं: दोन आठवड्यांनंतरही रडणं, धास्ती राहिली, बाळ झोपलेलं असूनही यांना झोप लागेना, तर फोन करा. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. नवरा घाबरला. घाबरला ते बरं, असं मला आजही वाटतं.

सकाळी केसपेपरवरचा तो शेरा खोडून मी बाळ कसं धरतं, चिरा कुठे आहेत, सगळं लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. बाळाचं वजन छान वाढत होतं, चिरा भरल्या होत्या, पण मॅडम बाळाचा श्वास तपासत रात्रभर जाग्या राहत होत्या. मानसोपचार विभागात त्यांच्याकडून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची १० प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली. ती १९८७ पासून वापरात आहे आणि तिच्यात गेल्या सात दिवसांबद्दल विचारतात. गुण जास्त आले. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर "कधीच नाही" होतं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. समुपदेशन आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. गोळी चालू असताना अंगावर पाजता येईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. हे औषध दुधात अगदी कमी उतरतं, त्यामुळे पाजणं चालू राहिलं. त्यांनी आधी काढून ठेवलेलं दूध पाजून रात्रीची एक पाळी नवऱ्यानं घेतली, म्हणजे त्यांना सलग चार-पाच तास झोप मिळू लागली.

त्यानंतरच्या भेटीला त्या वही न घेता आल्या. मायेचं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "अजून रोज येत नाही, पण येते."