वॅगनआरचं इंजिन ऑइल घरीच बदललं, त्याचा अनुभव

गॅरेजात गाडी सोडली की कोणतं ऑइल पडलं हे आपल्याला फक्त बिल सांगतं. माझ्या गाडीची वॉरंटी कधीच संपली आहे, म्हणून यंदा ठरवलं की डबा आपण आणायचा, सील आपण तोडायचं आणि फिल्टरही आपल्या हातानं बसवायचा.

सामान आणायला घाट रोडला गेलो. मॅन्युअलमध्ये ऑइलच्या जाडपणाची ग्रेड ५डब्ल्यू-३० लिहिली होती, तेच मागितलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, नागपूरची गरमी आहे. हे पाण्यासारखं पातळ काऊन नेऊन राहिले? वीस-पन्नास टाका, इंजिन थंड राहते." वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५०, जाड ऑइल. हा सल्ला इकडे सगळेच देतात आणि तो मनापासून असतो, पण मला पटत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असो की डिसेंबरात १०, चालू इंजिनातल्या पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपासच धरून ठेवतो. ग्रेडमधला '३०' हा आकडा १०० अंशांवरच्या जाडपणाचा आहे, म्हणजे गरमीचा हिशेब कंपनीनं आधीच केलेला असतो. शिवाय इंजिनाची बरीच झीज सकाळी स्टार्टर मारल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत होते. तेव्हा पातळ ऑइल वरपर्यंत लवकर पोचतं, जाड ऑइलला वेळ लागतो. मी ५डब्ल्यू-३० चाच साडेतीन लिटरचा डबा, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर घेतला. वॉशर काही रुपयांचा असतो. जुनाच परत लावला की चेंबरखाली (म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याखाली) थेंब थेंब गळणं सुरू होऊ शकतं, म्हणून तो विसरू नये.

काम सकाळी उन्हं चढायच्या आत काढलं. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद केलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाची घाण सोबत घेऊन येतं. फार तापवू नये, हात भाजतो. पोर्चची फरशी सपाट आहे. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकनं पुढची बाजू उचलून दोन्हीकडे घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावल्या आणि गाडी हलवून पाहिली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी मिनिटभरासाठीही, जाऊ नये. हे मी शेजारच्या पोरांनाही बजावून सांगितलं.

बोल्ट पान्यानं ढिला केला आणि शेवटचे आटे बोटांनी सोडवले. वरच्या बाजूला दाबून धरत फिरवला की शेवटपर्यंत ऑइल येत नाही, मग हात एकदम बाजूला घ्यायचा. धार सुरुवातीला जोरात, चांगली वीतभर पुढे पडते आणि हळूहळू मागे सरकत बोल्टच्या भोकाखाली येते. घमेलं तसं सरकवावं लागतं. ऑइल काळंकुट्ट होतं. दोन थेंब चिमटीत घासून पाहिले, कचकच लागली नाही आणि बरं वाटलं. काळं ऑइल म्हणजे खराब इंजिन नव्हे, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून तर राहिली नाही ना, हे टॉर्च मारून पाहिलं. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर चालू गाडीत सगळं ऑइल बाहेर येऊ शकतं. नव्या रिंगला बोटानं ऑइल लावलं, फिल्टर टेकेपर्यंत फिरवला आणि पुढे पाऊण फेरा हातानंच आवळला. बोल्टही बेतानंच आवळावा, चेंबरचे आटे गेले की खर्च फार.

भरताना आधी थोडं कमीच ओतलं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पाहत पाहत वाढवलं. जास्त झालं तर फिरता क्रँक ऑइल फेटून फेस करतो. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. खाली वाकून पाहिलं, गळती नव्हती. बंद करून थोड्या वेळानं परत मोजलं आणि वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवलं.

उरलं जुनं ऑइल. शेजारचे काका म्हणाले, "आम्हाले द्या नं, दाराच्या चौकटीले लावतो, उधई लागत नाही." उधई म्हणजे वाळवी. काकांना नाही म्हणताना जड गेलं, पण या ऑइलात धातूचे कण आणि जळणातून आलेली विषारी द्रव्यं असतात. घरात रोज हात लागतो तिथे ते नको. नालीत तर मुळीच नको. आपल्या नाल्या नाग नदीला मिळतात, नाग कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला. खाली गोसीखुर्द धरणाचं पाणी आहे, त्यावर शेती आणि मासेमारी चालते. घातक कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या सरकारी नियमांतही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. मी ते रिकाम्या डब्यात गाळून भरलं, जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू दिला आणि दोन्ही एका गॅरेजवाल्याकडे पोचवले. त्याच्याकडे जुनं ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी नेणारी गाडी येते. देण्याआधी ते कुठे जातं हे त्याला सरळ विचारलं होतं, त्यानं उचलणाऱ्याची पावती दाखवली.