चवथीत नेवरी नको झाली तेव्हा

गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेंबीभोवती पोट दुखू लागलं. नेमकी जागा सांगता येईना. तळहात फिरवून ‘इथंच कुठंतरी’ म्हणायचं. आदल्या दिवशी खतखतं, मोदक, नेवऱ्या (करंज्या) सगळं झालेलं, त्यामुळे घरात अपचन हे निदान पक्कं होतं. सासूबाईंनी ओवा-मीठ दिलं. दुपारी मळमळलं, एकदा ओकारी झाली आणि दुखणं खाली उजवीकडे सरकलं. आता मात्र जागा एका बोटानं दाखवता येत होती.

डिचोलीहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाताना प्रत्येक गतिरोधकावर कळ येत होती. गतिरोधकावर दुखलं का, हे तिथल्या तरुण डॉक्टरनं नेमकं विचारलं. मग म्हणाला, ‘‘आधी दुखलं की आधी ओकारी झाली?’’ मला वाटलं, काय फरक पडतो! पण पोट बिघडल्यावर बहुधा ओकारी आधी येते आणि अपेंडिक्समध्ये दुखणं आधी, असं तो म्हणाला. सुरुवातीला अपेंडिक्सचं दुखणं बेंबीच्या आसपासच जाणवतं, कारण दोन्हीकडच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पातळीवर पोचतात. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की जागा पक्की होते.

पुढचा प्रश्न : ‘‘आत्ता समोर नेवरी ठेवली तर खाल?’’ नेवरी! नुसत्या नावानं ढवळून आलं. त्यानं मान हलवून काहीतरी लिहिलं.

पाळीची तारीख विचारण्याआधी त्यानं सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, हे मला फार आवडलं. बाईच्या पोटात उजवीकडे दुखलं की गर्भाशयाच्या नळीतला गर्भ, अंडाशयाचा पीळ, मुतखडा यांचाही विचार करावा लागतो. म्हणून लघवीची तपासणी आणि गर्भचाचणी आधी झाली. दोन्हीत काही निघालं नाही.

मग तपासणी. त्यानं दुखणाऱ्या जागेला लगेच हातच लावला नाही. डावीकडून सुरुवात केली आणि नजर पोटावर नाही, माझ्या चेहऱ्यावर. डावीकडे दाबलं तर कळ उजवीकडे आली! बेंबीपासून कमरेच्या पुढच्या हाडापर्यंत रेघ धरली तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर जो बिंदू येतो, तिथं सगळ्यात जास्त दुखत होतं. मॅकबर्नी नावाच्या शल्यविशारदानं 1889 मध्ये तो बिंदू सांगितला होता. तिथं दाबण्यापेक्षा दाब सोडल्यावर जास्त दुखलं. खोकायला सांगितलं तेव्हाही तसंच. शेवटी डाव्या कुशीवर वळवून उजवा पाय मागे ओढला, तेव्हा मी ओरडलेच. ‘‘अपेंडिक्स मागे दडलेलं असेल,’’ तो शेजारच्या इंटर्नला म्हणाला.

ताप नव्हता, त्यामुळे नवऱ्याला उगीच आशा वाटत होती. सुरुवातीला ताप नसणं नवलाचं नाही, असं कळलं. वेदनाशामकही लगेच मिळालं. ते घेतलं तर रोग झाकला जातो, असं आमच्याकडे अजून सांगतात. डॉक्टरांच्या मते आता तसं मानत नाहीत.

रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्यातही न्यूट्रोफिल्स या प्रकारच्या पेशी जास्त. इंटर्ननं अपेंडिक्सची शक्यता मोजायचे आल्वाराडोचे गुण मांडले : दुखणं सरकलं 1, भूक नाही 1, ओकारी 1, उजवीकडे दाबल्यावर दुखणं 2, सोडल्यावर दुखणं 1, ताप 0, पांढऱ्या पेशी 2, न्यूट्रोफिल्स 1. दहापैकी 9. सात किंवा जास्त असतील तर शक्यता दाट, पाच-सहा असतील तर थांबून पुन्हा पाहायचं. 1986 पासूनची ही पद्धत आहे म्हणे. सोनोग्राफीत वायूमुळे आधी काही दिसेना. नंतर एक फुगलेली, दाबूनही न चपटणारी नळी दिसली, तेच अपेंडिक्स.

रात्रीच दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलेलं नव्हतं, आणि ते खरंच मोठ्या आतड्याच्या मागे वळून बसलेलं होतं.